सशर्त : १९२४ सालचा एक कुत्रा आणि एक मूल

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा आमचे गावभागातले घरही त्यात सापडले. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. माझी आई तेव्हा ७९ वर्षांची होती. एक रात्र आम्ही माडीवर काढली आणि दुसऱ्या दिवशी तिला खिडकीतून बोटीत उतरवले. पाणी ओसरल्यावर गाळ उपसून, भिंती धुऊन परत राहायला आलो. आई ठणठणीत होती. जेवत होती, शेजारणींना पुराच्या गोष्टी रंगवून सांगत होती.

महिन्याभराने एका दुपारी मोरीतली बादली कलंडली आणि पाण्याचा एक ओघळ आवाज न करता मधल्या खोलीच्या उंबऱ्याखालून आत आला. आईने तो पाहिला. मी वळून बघतो तो ती पासबुकांची पिशवी छातीशी धरून पलंगावर उभी. ‘‘अगं आई, बादली सांडलीय,’’ मी म्हणालो. ती म्हणाली, ‘‘मला कळतंय रे. पण पाय ऐकत नाहीत.’’

पुढचे काही महिने मी तिला समजावत राहिलो. नदी किती फुटांवर आहे ते रोज वाचून दाखवले. घर कोरडे असल्याचे हात लावून दाखवले. कधी वैतागून बोललोही. त्या बोलण्याची आज लाज वाटते आणि हा लेख लिहिण्याचे एक कारण तेही आहे.

मी मानसशास्त्र शिकलेला माणूस नाही. एका दूध संघात हिशेब लिहिण्यात माझी नोकरी गेली. विज्ञानाचा इतिहास हा पंचवीसेक वर्षांचा छंद. त्या हिवाळ्यात मी पचनक्रियेच्या संशोधनाच्या इतिहासावर टिपणे काढत होतो आणि त्यासाठी इव्हान पावलोव्हच्या व्याख्यानांचा ग्लेब आन्रेप यांनी १९२७ मध्ये केलेला इंग्रजी अनुवाद वाचत होतो. त्या पुस्तकाच्या उत्तरार्धात एक पूर आला. आणि दाराखालून आवाज न करता येणारा पाण्याचा ओघळही आला.

लाळेचा हिशेब

पावलोव्ह म्हटले की आपल्याला कुत्रा आणि घंटा आठवते. शाळेच्या पुस्तकात चित्र असते. घंटा वाजली, अन्न दिले. असे पुन्हा पुन्हा केले. मग नुसती घंटा वाजली तरी लाळ सुटली. शिकण्याच्या या प्रकाराला आपण अभिजात अभिसंधान म्हणतो. गोष्ट खोटी नाही, पण फार तुटक आहे.

पावलोव्हचा जन्म १८४९ चा, रियाझान गावच्या एका धर्मगुरूच्या घरातला. धर्मशाळेतले शिक्षण सोडून तो १८७० मध्ये पीटर्सबर्गच्या विद्यापीठात दाखल झाला. पुढे तिथल्याच प्रायोगिक वैद्यक संस्थेत त्याने पचनग्रंथींवर काम केले आणि १९०४ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते या पचनाच्या कामासाठी. कुत्र्याच्या लाळनलिकेचे तोंड छोट्या शस्त्रक्रियेने गालाच्या बाहेर आणले जाई. मग लाळ थेंबाथेंबाने मोजता येई. कोरडे अन्न दिले की एक प्रकारची लाळ, तोंडात वाळू घातली की वेगळी, पातळ लाळ. पण पावलोव्हच्या प्रयोगशाळेत हेही दिसले की अन्न किंवा वाळू नुसती लांबून दाखवली तरी त्या त्या प्रकारची लाळ सुटते. इतकेच काय, रोज अन्न आणणाऱ्या माणसाच्या पावलांचा आवाजही पुरतो.

पचनाचा हिशेब करणाऱ्याला ही कटकट होती. तिला आधी ‘मानसिक स्राव’ म्हणत. एक पक्ष म्हणे, कुत्र्याच्या मनात काय चालते ते समजून घ्यायला हवे. पावलोव्हने दुसरी वाट धरली. मनाबद्दल बोलायचे नाही. बाहेरून दिलेला संकेत आणि बाहेर पडलेला थेंब, एवढेच मोजायचे. १९०३ मध्ये माद्रिदच्या वैद्यक परिषदेत त्याने हा विचार मांडला आणि पुढची तीसहून अधिक वर्षे त्यालाच वाहिली.

संकेत म्हणून घंटेपेक्षा मेट्रोनोम जास्त वापरला जाई. शिवाय बझर, दिव्याचा प्रकाश, त्वचेला होणारा स्पर्श. त्यातून काही ठळक नियम हाती आले. संकेतामागोमाग अन्न आले की संबंध जुळतो. संकेत पुन्हा पुन्हा देऊन अन्न दिलेच नाही, तर लाळ कमी होत होत थांबते. याला विलोपन म्हणतात. पण पावलोव्हने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली, जी चित्रातून गळून जाते. विलोपनानंतर कुत्र्याला थोडी विश्रांती देऊन पुन्हा संकेत दिला, की गेलेली लाळ काही अंशी परत येते. म्हणजे विलोपन झालेले शिकणे पुसले गेलेले नसते. ते कुठेतरी थांबून असते.

हा सगळा डोलारा शांततेवर उभा होता. पावलांच्या आवाजानेही कुत्रा विचलित होई, म्हणून पेट्रोग्राडमध्ये जाड भिंतींची, बाहेरचा आवाज आत येणार नाही अशी खास प्रयोगशाळा बांधली गेली. लोक तिला ‘मौनाचा मनोरा’ म्हणत. प्रयोग करणारा माणूस दाराच्या पलीकडे बसे, आत कुत्रा एकटा. शास्त्राला हवा तो एकांत असा मिळाला होता.

२३ सप्टेंबर १९२४

त्या वर्षीच्या जानेवारीत शहराचे नाव बदलून लेनिनग्राड झाले होते. नेवा नदीच्या तोंडाशी वसलेल्या या शहराला पूर नवा नव्हता. फिनलंडच्या आखातातून वारा उलटा वाहू लागला की नदीचे पाणी तुंबते आणि शहरात शिरते. १८२४ चा महापूर पुश्किनच्या ‘ब्राँझचा घोडेस्वार’ या काव्यामुळे रशियन माणसाच्या स्मरणात कायमचा बसला आहे. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २३ सप्टेंबर १९२४ रोजी, पाणी पुन्हा नेहमीच्या पातळीपेक्षा पावणेचार मीटरच्या आसपास वर चढले.

पावलोव्हच्या कुत्र्यांची घरे मुख्य इमारतीपासून साधारण पाव मैलावर होती. वादळ, भिंतींवर आदळणाऱ्या लाटा, मोडून पडणारी झाडे, अशा गोंधळात कुत्र्यांना छोट्या छोट्या गटांनी पोहत प्रयोगशाळेपर्यंत न्यावे लागले. तिथे ती सगळी एकत्र, दाटीवाटीने ठेवली. एरवी असे एकत्र ठेवले की कुत्री भांडतात. त्या दिवशी एकही कुत्रा दुसऱ्यावर गुरगुरला नाही. पावलोव्हने हे आवर्जून लिहिले आहे. ते वाचताना मला शाळेतल्या मदत छावणीतली पहिली रात्र आठवली. एकमेकांशी वर्षानुवर्षे न बोलणारी भाऊबंदकी तिथे एका सतरंजीवर गप्प बसली होती.

काही दिवसांनी कुत्री आपापल्या जागी परतली. बरीचशी पूर्वीसारखीच वागू लागली. पण स्वभावाने बुजऱ्या कुत्र्यांपैकी एकाचे काहीतरी बिनसले होते. दिसायला तो धडधाकट. प्रयोगाच्या खोलीत मात्र वर्षभर पक्के झालेले सगळे प्रतिक्षेप नाहीसे. संकेत दिला तर थेंबही पडेना. समोर ठेवलेले अन्नसुद्धा तो घेईना. प्रयोग करणाऱ्यांना बराच काळ कारणच कळेना. पोट तपासले, तिथे काही नव्हते. शेवटी त्यांना पुराची आठवण झाली.

त्यांनी काय केले? इथे मी पान दोनदा वाचले. एरवी दाराबाहेर बसणारा प्रयोगकर्ता, ज्याला हा कुत्रा ओळखत होता, तो आत जाऊन कुत्र्याजवळ बसला. प्रयोगाची यंत्रणा बाहेरून पावलोव्हने स्वतः चालवली. आणि गेलेले प्रतिक्षेप लगोलग परत आले. कुत्रा जेवू लागला. तो माणूस बाहेर गेला, की पुन्हा सगळे बंद. मग काही वेळा सोबत, काही वेळा एकटे, असे करत करत कुत्र्याला सावकाश पूर्वपदावर आणले. त्या माणसाचे नुसते कपडे खोलीत, कुत्र्याला दिसणार नाहीत असे ठेवले, तरी त्यांच्या वासाने थोडाफार गुण येई.

एक गोष्ट मात्र लांबली. या कुत्र्याच्या संकेतांमध्ये एक फार मोठ्या आवाजाची घंटा होती. पुराआधी लाळ सर्वांत जास्त सुटे ती याच घंटेने. पुरानंतर बाकीचे संकेत सुधारले, तरी घंटा त्याला सोसेना. दंतकथेतली घंटा मला या पुस्तकात भेटली ती अशी.

कुत्रा बरा झाला असे वाटल्यावर पावलोव्हने पुराची एक लहानशी नक्कल केली. खोलीच्या दाराखालून पाण्याचा बारीक ओघळ आत सोडला. त्याचा आवाज नव्हता. कुत्रा उभा होता त्या टेबलाशेजारी छोटेसे डबके साचले. कुत्रा दचकून उठला, डबक्याकडे पाहत राहिला, धापा टाकू लागला, टेबलावरून उतरायला धडपडू लागला. संकेतांनी त्याची तगमग आणखीच वाढली. महिन्यांची कमाई एका ओघळाने गेली.

हा प्रयोग निर्दय होता, हे लिहायलाच हवे. पावलोव्हची कुत्री शस्त्रक्रिया सोसत, प्रयोगात काही मरतही. त्याला स्वतःला याची जाण होती. १९३५ मध्ये लेनिनग्राडला शरीरक्रियाशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, त्या वर्षी संस्थेच्या बागेत कुत्र्याचे एक स्मारक उभारले गेले. ते अजून तिथे आहे. पावलोव्ह पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत वारला.

पीटर आणि ससा

त्याच १९२४ च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या एका शैक्षणिक नियतकालिकात सात-आठ पानांचा एक निबंध छापून आला. लेखिका मेरी कव्हर जोन्स. विषय, पीटर नावाने ओळखल्या गेलेल्या एका मुलाची भीती. लेनिनग्राडच्या कुत्र्याची आणि या निबंधाची एकमेकांना काहीच खबर नव्हती. मी दोन्ही एकाच महिन्यात वाचले, म्हणून मला ते शेजारी दिसले.

या निबंधाला एक काळा पूर्वेतिहास आहे. १९१९-२० च्या हिवाळ्यात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन वॉटसन आणि त्याची विद्यार्थिनी रोझाली रेनर यांनी ‘अल्बर्ट’ नावाच्या अकरा महिन्यांच्या बाळावर प्रयोग केला. बाळाला पांढऱ्या उंदराची भीती नव्हती. बाळाने उंदराला हात लावला की मागे पोलादी दांड्यावर हातोडा मारायचा. सातच वेळा असे झाल्यावर बाळ नुसता उंदीर पाहून रडू लागले. मग सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही घाबरू लागले. ही भीती घालवण्याआधीच बाळाला दवाखान्यातून नेण्यात आले. भीती शिकवता येते हे सिद्ध झाले. ती काढायचे राहून गेले.

मेरी जोन्स ही रोझालीची कॉलेजातली मैत्रीण. वॉटसनचे व्याख्यान ऐकून तिच्या मनात प्रश्न आला, की भीती अशी घालता येत असेल तर काढता का येऊ नये? पीटर पावणेतीन वर्षांचा होता. त्याची भीती प्रयोगशाळेत तयार केलेली नव्हती, ती तो घरून घेऊन आला होता. पांढरा उंदीर, ससा, फरचा कोट, पीस, कापूस, या सगळ्यांना तो भ्याला होता. त्यांत सशाची भीती जास्त, म्हणून जोन्सने ससा निवडला.

पहिली रीत सोबतीची. सशाला न भिणारी तीन मुले रोज पीटरबरोबर खेळत आणि ससा तिथे असे. पीटरची प्रगती तिने सतरा पायऱ्यांत नोंदवली. पहिल्या पायरीवर, खोलीत कुठेही पिंजऱ्यात ससा असला तरी रडू. शेवटच्या पायरीवर, ससा बोटे कुरतडतो आणि पीटर ती कुरतडू देतो. पीटर बऱ्याच पायऱ्या चढला आणि मग त्याला स्कार्लेट फीव्हर झाला. दोन महिन्यांच्या आसपास तो रुग्णालयात होता. बरा होऊन निघताना, दारात टॅक्सीत चढत असता, एक मोठा कुत्रा अंगावर झेपावला. पीटर घाबरलाच, पण त्याच्याबरोबरची नर्सही घाबरली. पोर टॅक्सीत पांढरे पडून निपचित बसले. परत आल्यावर पाहिले तर तो जवळजवळ पहिल्या पायरीवर होता.

जोन्सने पुन्हा सुरुवात केली. आता दुसरी रीत. पीटरला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ द्यायचा आणि ससा पिंजऱ्यासकट आणायचा, पण त्याचे खाणे थांबणार नाही इतक्याच अंतरावर. रोज थोडे पुढे. घाई झाली तर सशाची गोडी लागण्याऐवजी खाऊचीच भीती बसेल, हा धोका तिला माहीत होता. हळूहळू पीटर सशाला मांडीवर घेऊ लागला. कापूस, कोट, पिसे यांची भीतीही गेली, त्यांवर वेगळे काही न करता.

यात एक छोटी नोंद आहे. एक तरुण सहायक पीटरला फार आवडत असे. पीटर त्याला आपले बाबा म्हणे. तो खोलीत असला की पीटर एकदम दोन-चार पायऱ्या पुढे जाई. तो काही सुचवत नसे, समजावतही नसे. नुसता असे. जोन्सने हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले आणि पुढे गेली. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या जोसेफ वोल्पेने १९५८ मध्ये पायरीपायरीने भीती घालवण्याची उपचारपद्धत पुस्तकातून मांडली आणि ती जगभर गेली. त्यानेच जोन्सला वर्तनोपचाराची आई म्हटले. पायऱ्या सगळ्यांच्या लक्षात राहिल्या. तो सहायक आणि लेनिनग्राडचा आत जाऊन बसलेला प्रयोगकर्ता मात्र तळटिपेत गेले.

एका शब्दाची अडचण

पावलोव्हने आपल्या प्रतिक्षेपाला रशियनमध्ये ‘उस्लोव्नी’ म्हटले. ‘उस्लोविये’ म्हणजे अट. म्हणून ‘उस्लोव्नी’ म्हणजे अटीवर अवलंबून असलेला. आपल्या कायद्याच्या मराठीत सांगायचे तर सशर्त. इंग्रजीत जाताना या शब्दाचे रूप बदलले आणि ‘अट घालून तयार केलेला’, घडवून पुरा केलेला, असा अर्थ रूढ झाला. मराठीत आपण ‘अभिसंधित’ म्हणतो, तेही या इंग्रजी रूपावरून. एका प्रत्ययाने केवढा फरक पडला! अभिसंधित म्हटले की काम संपले, छाप उमटली. सशर्त म्हटले की प्रश्न उरतो, अट कोणती? आणि ती आज पुरी होते आहे का?

मला या दोन गोष्टींतून कळले ते एवढेच. शिकलेले सशर्त असते, आणि शिकलेले सुटणेही सशर्तच असते. गेल्या चाळीस वर्षांत अमेरिकेतल्या मार्क बाउटन यांच्यासारख्या संशोधकांनी उंदरांवर हे बारकाईने दाखवले आहे. एका पेटीत उंदराला संकेताची भीती शिकवली, दुसऱ्या वेगळ्या पेटीत ती विलोपित केली, आणि त्याला परत पहिल्या पेटीत ठेवले, तर भीती परत येते. निर्भय होणे त्या दुसऱ्या पेटीपुरतेच राहिले होते. जोन्सच्या निबंधाच्या शेवटीही याची सावली आहे. पीटर बरा होऊन ज्या घरी गेला, त्या घरात मुलाला आत बोलावण्यासाठी कुणीतरी पळवून नेईल असा धाक घातला जाई. ससा मांडीवर घेणारा मुलगा पुन्हा जुन्या पेटीत गेला होता.

या अटींमध्ये जागा असते, वेळ असते, आवाज असतो. आणि शेजारी कोण आहे, हीसुद्धा एक अट असते. ‘मौनाच्या मनोऱ्या’त ती मुद्दाम वगळली होती. पूर आला नसता तर कदाचित तिची इतकी ठळक नोंद झाली नसती. ज्या पावलोव्हने मनाबद्दल बोलायचे नाही असे ठरवले होते, त्याच्याच वहीत ती थेंबांच्या आकड्यांनी लिहिली गेली. तिच्यासाठी त्याने शब्द वापरला ‘सामाजिक प्रतिक्षेप’. आपण सोबत म्हणतो.

मी आईला नदीचे आकडे वाचून दाखवत होतो, तेव्हा माझी समजूत होती की तिला माहिती कमी पडते आहे. माहिती तिच्याकडे पुरेपूर होती. ते पान वाचल्यावर मी समजावणे बंद केले. फरशी धुवायच्या दिवशी तिच्या पलंगावर जाऊन बसू लागलो. हातात वर्तमानपत्र असे. पाण्याबद्दल काही बोलत नसे. आधी मोरीचे दार लावून फरशी धुतली जाई, मग उघडे ठेवून. चार-पाच महिन्यांनी ती पाय खाली सोडून बसू लागली. कामावर असेन तेव्हा माझा वापरलेला सदरा तिच्या उशाशी खुंटीवर असे. बायकोने एकदा तो धुवायला टाकला तेव्हा मी ओरडलो, आणि कारण सांगताना माझीच त्रेधा उडाली.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले. आम्ही वेळेत बाहेर पडलो, पण परतल्यावर आई पहिल्या पायरीवर होती. या वेळी मला पीटरची टॅक्सी ठाऊक होती, म्हणून धीर सुटला नाही. पुन्हा वर्तमानपत्र घेऊन बसलो.

एकदा तिला सगळे सांगितले. लेनिनग्राड, वादळ, न भांडलेली कुत्री, दाराखालचा ओघळ, आत येऊन बसलेला माणूस. आईची तुलना कुत्र्याशी करतो आहे याचा संकोच होता. तिने शेवटपर्यंत नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, ‘‘शेजारी बसायचं, एवढं कळायला रशियापर्यंत जावं लागलं होय रे तुला?’’